लोटलेलं दार

पिस्पालाच्या उतारावरचं ते लाकडी घर,
त्याच्या तळघराला बटाट्यांचा वास.
पोती मी भिंतीलगत रचली,
त्यांवर गादी, गादीवर फौजी घोंगडं,
म्हणजे आवाज भिंतीवर आपटून परत यायला नको.
फळीवर मामीच्या रानबेरी जॅमच्या एकतीस बरण्या.
त्या हलवायच्या नाहीत, असं रेइयोमामाने आधीच बजावलं.
हेल्वीमामीने बजावलं नव्हतं. तरी.

सहा माइक. त्यातला एक बासड्रमच्या पोटात.
मामा ब्रश घेऊन बसला.
चाळीस वर्षं कागदाच्या गिरणीत,
आणि उन्हाळ्यातले शनिवार तळ्याकाठच्या नाचघरात
टँगोला ठेका धरत.
डाव्या हाताची दोन बोटं गिरणीने ठेवून घेतली.
उरलेल्या तिघांनी तो स्नेअरवर जे करतो
ते वाजवणं कमी, गोंजारणं जास्त.

रात्री स्क्रीनपुढे मी एकटा.
मोठ्या टॉमच्या माइकात काय काय घुसलेलं:
हाय-हॅटची चिरचिर, हीटिंगच्या पंपाची घरघर,
आणि प्रत्येक ठोक्यामागून
सातवी बरणी किणकिणते.

मग एकेका वाटेवर एकेक गेट बसवलं.
गेटला कान नसतात, नुसता उंबरठा असतो.
तेवढ्या उंचीचं कोणी आलं तर दार उघडतं,
नाही तर बंद.
आधी ते इतकं झटक्यात उघडलं की टक् वाजलं;
थोडं सावकाश केलं.
मिटायची घाई केली तेव्हा टॉमची शेपटी दारात चेमटली;
तिला सगळी आत येऊ दिली.
उंबरठा चढवत नेला, उणे तीस, उणे बावीस.
चिरचिर गेली. घरघर गेली. बरणी गेली.
दोन ठोक्यांमध्ये इतकी नितळ शांतता
की बोट बुडवलं तर कोरडं निघेल.
मला फार आवडली ती.

सकाळी मामाने हेडफोन लावले.
डोळे मिटून ऐकलं. पुन्हा ऐकलं.
कॉफी संपवली.
म्हणाला, "माझा डावा हात कुठाय?"
मी काही बोलायच्या आत:
"आणि वर कोणीच नाही."
"वर?"
त्याने छताकडे बघितलं.

गेट काढून ऐकलं.
बासड्रमच्या माइकात, पार तळाशी, फळ्यांची करकर.
मामी स्वयंपाकघरात चालत होती,
ओट्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून ओट्यापर्यंत.
दुसऱ्या आवर्तनापासून पावलं टँगोत पडू लागतात,
दोन सावकाश, दोन भराभर, एक सावकाश.
कंबर धरल्यापासून बारा वर्षं
ती नाचघराची पायरी चढलेली नाही.

गेटला आणखी एक बटण असतं.
मी ते न बघताच तळाला फिरवून ठेवलेलं.
बंद म्हणजे किती बंद, हे ते ठरवतं:
आवाज मुळापासून गप्प,
की नुसता दहा डेसिबल खाली.
कडी घालायची, की लोटून घ्यायचं.

मी लोटून घेतलं.
उंबरठाही उतरवला,
तीन बोटांना न ठेचकाळता ओलांडता येईल इतका.
पंप परत आला, दोन घरं पलीकडच्या भांडणासारखा.
हाय-हॅट आली. मामी आली.
बरणीसुद्धा.

"बरणीचं काय करू?" मी विचारलं.
मामाने खांदे उडवले.
तेवढ्यात मामी जिना उतरून आली,
कठड्याला धरून, एकेक पायरी,
फळीवरून नेमकी तीच सातवी उचलली,
"पावाला जॅम नाही," म्हणाली,
आणि वर गेली.

पुढच्या टेकमध्ये
सहावी वाजायला लागली.